गिरणीच्या प्लगवर लावलेली गाडी

मी गाडी घेतली ती नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात जायला. राहते कामशेतला, पाळी सकाळी सातची, आणि कारखान्याची बस आमच्या बाजूला येत नाही. बारा वर्षं स्कूटरवर गेले. मग कंबर धरायला लागली, डॉक्टरांनी स्कूटर बंद करायला सांगितली, तेव्हा चारचाकी बघायला सुरुवात केली आणि विजेवरची घेतली. आमच्याकडे गाड्यांच्या आतल्या वायरिंगचे जुडगे बनतात आणि मी ते तपासते. त्यामुळे वायर, बॅटरी, करंट यांची मला भीती नव्हती. भीती होती ती दादाला सांगायची.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. रेल्वेतून निवृत्त होऊन लोणावळ्यात राहतो. वडिलांची जुनी गाडी त्याच्याकडे आहे. मुंबईत पूर्वी काळी-पिवळी टॅक्सी म्हणून जी धावायची, त्याच जातीची, फक्त आमची फिकट निळी. वडील लोणावळ्यात एका मुंबईकरांच्या बंगल्यावर ड्रायव्हर होते. मालकांनी बंगला विकला तेव्हा गाडी वडिलांना दिली. तिकोणा पेठेत घरची गाडी असलेलं पहिलं घर आमचं. गाडी दारात आली त्या दिवशी आईने चाकांवर पाणी घातलं, हळद-कुंकू लावलं, आणि अख्खा गाव स्टिअरिंगला हात लावून गेला, हे मला आठवतं.

वडील गेल्यावर दादाने गाडी पार उघडून पुन्हा बांधून घेतली. कामशेतच्या एका मिस्त्रींकडे ती पाच महिने होती. आता ती चकाचक आहे. दर रविवारी सकाळी दादा आणि त्याच्यासारखे सात-आठ जण जुन्या हायवेवरच्या एका हॉटेलासमोर गाड्या लावतात, बोनेट उघडी ठेवतात आणि चहा पितात. एक दाताचे डॉक्टर आहेत, एक तळेगावचे ठेकेदार, बाकीचे असेच. एका रविवारी मी माझी नवी गाडी घेऊन तिथे गेले. दादाला घरी सांगण्यापेक्षा चारचौघांत सांगावं, म्हणजे तो फार बोलणार नाही, असं वाटलं होतं.

तो बोलला नाही. बाकीचे बोलले.

"आवाज कुठाय हिला?" ठेकेदार म्हणाले. "मागून आली तर माणूस चिरडेल, कळायचंसुद्धा नाही."

"गाडी नाही ही, चाकं लावलेला मोबाईल आहे," दुसरे कोणी म्हणाले. "आठ वर्षांनी बॅटरी गेली की भंगारात."

डॉक्टर त्यातल्या त्यात सरळ बोलले. "रेंज किती देते?"

"मीटरवर दोनशे चाळीस दाखवते. खरी दोनशे धरायची. एसी लावला, चढ लागले की त्याहून कमी."

"म्हणजे कोल्हापूर नाही."

"मला कोल्हापूरला जायचंच नाही," मी म्हटलं. "मला नवलाख उंबऱ्याला जायचंय."

हसले सगळे. दादा हसला नाही. गाडीभोवती एक फेरी मारून त्याने टायर दाबून बघितला आणि म्हणाला, "बाबांना नसती आवडली."

ते खरं असणार, हे मलाही माहीत होतं.

त्यानंतर वर्षभर आमचं हेच चालू. फोन केला की पहिला प्रश्न, "बॅटरी आहे का शिल्लक?" मीही ऐकून घेणारी नव्हते. त्याच्या गाडीचा पेट्रोलचा काटा वडिलांच्या काळापासून मेलेला आहे. टाकीत बांबूची कामटी घालून किती ओली होते ते बघायचं, ही त्याची पद्धत. मी विचारायचे, "कामटी आहे का बरोबर?" मिस्त्री, ज्यांना आम्ही चाचा म्हणतो, हे ऐकून मजा घ्यायचे. त्यांचं गॅरेज माझ्या घराच्या वाटेवरच आहे. साठीचे गृहस्थ, दोघांच्याही गाड्यांना चाचा कधी वाईट म्हणत नसत. एकदा म्हणाले, "ताई, लोक तुम्हाला रेंज विचारतात. या जुन्या गाड्यांची रेंज मला विचारा. जिथं बोनेट उघडलं तिथं संपली. पण उघडून काहीतरी करता येतं, एवढंच दादांचं म्हणणं आहे. आणि ते चूक नाही."

खरा प्रसंग घडला तो गेल्या उन्हाळ्यात, आईमुळे.

आई तिकोणा पेठेत एकटी राहते. एकटी म्हणजे ती आणि म्हैस. आईचं माहेर आंदर मावळात, टाकव्याच्याही पुढे, धरणाच्या कडेने रस्ता जातो तिकडे. म्हणजे आमचं गाव मावळाच्या एका टोकाला आणि तिचं माहेर दुसऱ्या. मामाला तिने सात वर्षांत बघितलं नव्हतं. दादा दर वर्षी म्हणायचा, चल, गाडीतून नेतो. आई दर वर्षी म्हणायची, "म्हस कुनाव टाकू?" मग विषय तिथेच थांबायचा. मामा पाय मोडून घरात बसल्याचं कळलं तेव्हा मी फोनवर म्हटलं, "आई, मी नेते. सकाळी निघायचं, धार काढायच्या आत परत." ती म्हणाली, "तुज्या गाडीतनं व्हय? चल."

दादाला हे लागलं. इतकी वर्षं तो विचारत होता. त्याने लगेच जाहीर केलं की तोही येणार, स्वतःच्या गाडीने, माझ्या मागे. "दोरी घेतो डिकीत," तो म्हणाला. "तुला ओढून आणायला."

शनिवारी कामावरून घरी आले आणि पिशवी घेऊन तशीच पेठेला गेले. त्या दिवसाचं येणं-जाणं धरून सत्तरेक किलोमीटर झाले होते. काळजी नव्हती, कारण रात्रभर आईच्या घरी गाडी लावली की सकाळी भरलेली मिळणार होती. पडवीत फ्रिजसाठी बसवलेला मोठा प्लग आहे. चार्जर लावला तर लाल दिवा. काढून पुन्हा लावला, तरी लाल. माझ्या लगेच लक्षात आलं, घराला अर्थिंग नव्हतं. म्हणजे जमिनीत जाणारी तार होती, पण परसातल्या ज्या खड्ड्यात ती पुरलेली, तो कोरडा ठणठणीत, आणि तार गंजून तुटलेली. फ्रिज तसाही चालतो, पण या गाड्यांचा चार्जर अर्थिंग नसेल तर करंट घेतच नाही. खड्ड्यात मीठ घालून चार बादल्या पाणी ओतलं. तुटलेल्या तारेला पाण्याचा काय उपयोग! दिवा लालच राहिला.

सकाळी दादा आला तेव्हा माझ्या गाडीत एकशे तीस किलोमीटर उरले होते. जाण्यापुरते नक्की. येताना आईला पुन्हा पेठेत सोडायचं, तर हिशोब अगदी काठावर येत होता. हायवेवर मोठा चार्जर आहे, पण रविवारी तिथे मुंबईच्या गाड्यांची रांग असते आणि आईला दोन तास उन्हात बसवायची माझी तयारी नव्हती.

दादाने सगळं ऐकून घेतलं. तो खूश झाला होता, पण चेहऱ्यावर दाखवत नव्हता. "राहू दे इथंच तुझी," तो म्हणाला. "तिघं माझ्या गाडीतून जाऊ."

आई नेसून, डोक्यावर पदर घेऊन दारात उभी होती. हातात पिशवी, पिशवीत मामासाठी तांदूळ. ती म्हणाली, "मंग मी न्हाई येत."

"का?" दादाने विचारलं.

"म्हस हाय."

"म्हशीची सोय झालीय की! शेजारची मावशी बघणारे."

"मला न्हाई यायचं त्या गाडीत," आई म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली.

मी दादाकडे बघितलं, दादाने माझ्याकडे. मी म्हटलं, "माझ्याच गाडीने जाऊ. पुढचं पुढे बघू."

कामशेतपर्यंत रस्ता चांगला आहे. आई मागच्या सीटवर आधी ताठ बसली होती. काले गाव मागे पडल्यावर सैल बसली. मग बोलायला लागली. कुठल्या शेतात कोणी बंगला बांधलाय, कोणाची जमीन गेली, कोणाच्या सुनेने हॉटेल काढलंय. मी आरशात बघत होते. गाडीत आईला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. दादा मागे येत होता. त्याच्या गाडीचा आवाज आम्हाला आत ऐकू येत होता, आमचा आवाज नसल्यामुळे.

टाकवे ओलांडलं आणि चढ लागला. वैशाखाचं ऊन. थोड्या वेळाने मागचा आवाज थांबला. मी गाडी बाजूला घेऊन वळून बघितलं तर निळी गाडी चढाच्या मध्यावर उभी आणि दादा बोनेट उघडतोय.

मी आईला करंजाच्या झाडाखाली बसवून खाली चालत गेले. दादाचा शर्ट भिजला होता. "काही नाही, पंप तापलाय," तो म्हणाला. "पेट्रोलची वाफ होते आतल्या आत. ओलं फडकं ठेवलं की दहा मिनिटांत निघते." वडीलही हेच करायचे. लहानपणी ते ओलं फडकं मी कितीतरी वेळा विहिरीवरून भिजवून आणलं होतं. माझ्याकडची पाण्याची बाटली मी फडक्यावर रिकामी केली. त्याने ते फडकं पंपावर ठेवलं.

दहाची वीस मिनिटं झाली. आई चालत आमच्यापर्यंत आली. तिने बोनेटच्या आत बघितलं, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "हाच वास."

"कसला?" दादाने विचारलं.

"ह्योच. ह्या वासानं मला मळमळतं. पैल्या दिवसापासनं."

दादा हसला. "कधी सांगितलं नाहीस ते!"

"कुनाला सांगायचं? तुज्या बापाला? त्यांचा जीव होता ह्या गाडीत. गावाला दाखवायला न्यायचे मला, शेजारी बसवायचे. मी लिंबू हुंगत बसायची. कामशेत आलं की उतरून वकायची, सोताच्या पायाव पानी घालायची आन् पुन्हा बसायची. तुमी दोघं मागं झोपलेलं असायचा."

दादाच्या हातात पाना होता, तो त्याने खाली ठेवला. "आई, मग म्हशीचं काय?"

"म्हस खोटी न्हाई," आई म्हणाली. "पन म्हस काय आडवत न्हाई मानसाला."

एवढं बोलून ती पुन्हा वर झाडाकडे चालायला लागली. दादाने पंपावरच्या फडक्याला हात लावला. फडकं वाळून गेलं होतं. ते पुन्हा ओलं करायला पाणी नव्हतं. मग गाडी आपोआप निवल्यावर सुरू झाली.

मामाच्या दारात पोचलो तेव्हा अकरा वाजले होते आणि माझ्या गाडीत सत्तावन्न उरले होते. धरलं त्यापेक्षा जास्त गेले होते. चढ, ऊन आणि आईसाठी पूर्ण वेळ लावलेला एसी. सत्तावन्नमध्ये कामशेतला घरी पोचले असते, पेठेला नाही.

मामा पडवीत कॉटवर, पाय उशीवर. आईला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. आईने दटावून निजवलं. मग दोघंही रडली, आणि मी उगीच गाडीकडे परत आले.

मामांची पिठाची गिरणी आहे, घराला लागूनच, पत्र्याच्या खोलीत. मी तिथे डोकावले. मामी दळण घालत होत्या. भिंतीवर मोठं मीटर, जाड केबल, आणि दाराशी सिमेंटच्या चौकोनात पुरलेली अर्थिंगची पट्टी, नवी, त्याभोवती माती ओली. मी मामींना विचारलं, "इथं मोठा प्लग आहे का?"

"व्हय की. येल्डिंगवाला येतो, त्याच्यासाटी घेतलाय. का?"

"गाडी लावायचीय."

मामींना काही कळलं नाही, पण त्यांनी पोती बाजूला सरकवली. गाडी मागे घेत घेत मी गिरणीच्या दाराला आणली. वायर जेमतेम पुरली. लावली, आणि हिरवा दिवा. दळणाला आलेल्या तीन बायका डबे घेऊन बाकावर बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "म्हंजी गाडी बी दळनालाच आली म्हना." दुसरीने विचारलं, किती वेळ लागेल. मी म्हटलं, चार तास तरी.

हे मी घाबरतच आईला सांगितलं. चार तास थांबावं लागेल, उशीर होईल, म्हशीच्या धारेला शेजारच्या मावशीला फोन करावा लागेल. आई मामाच्या कॉटवर पायथ्याशी बसली होती. तिने वर बघितलं. "चार तास?"

"हो. माझी चूक झाली. काल दुसरीकडे कुठेतरी लावायला हवी होती."

"र्‍हाऊ दे की," ती म्हणाली. मग मामाला म्हणाली, "ऐकलं का? चार तास."

मामा हसायला लागले. "आक्का, तू लगीन झाल्यापासनं चार तास कदी बसलीयास हितं?" आणि दादाकडे वळून म्हणाले, "तुजा बाप गाडी घिऊन यायचा, पन इंजिन बंद करायचा न्हाई. बंद केलं तर तापलेलं पुन्हा चालू व्हत न्हाई म्हनायचा. आक्का चा पियाची उभ्यानं. गाडी दारात घुरघुरतीया, आन् पोरगं पदराला धरून वडतंय, चल, बाबा बलवत्यात."

"ते पोरगं मी," दादा म्हणाला.

"तूच की," मामा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ते नुसतं सांगत होते.

दादा उठून बाहेर गेला. मला वाटलं, चिडला. थोड्या वेळाने गेले तर तो आपल्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर दार उघडं टाकून बसला होता. म्हणाला, "खरंय ते. बाबा म्हणायचे, जा रे, आईला बोलव, पेट्रोल जळतंय. मी पळत जायचो. मला वाटायचं मी काहीतरी महत्त्वाचं काम करतोय."

मी त्याच्याशेजारी बसले. बाबा वाईट नव्हते, हे दोघांनाही माहीत होतं. ते बंगल्यावरून महिन्यातून दोनदा यायचे. तेवढ्यात बायकोला माहेरी घेऊन जावं, तेही स्वतःच्या गाडीतून, याचं त्यांना किती वाटायचं, तेही आम्ही बघितलं होतं. आणि ती बिचारी लिंबू हुंगत बसायची. दोन्ही एकाच गाडीत.

"गाडी विकू का?" दादाने विचारलं.

"गाडीने काय केलंय?" मी म्हटलं.

दुपारी मामींनी बेसन-भाकरी केली, वर कैरीचं लोणचं. जेवण झाल्यावर आईने मामाच्या शेजारी जमिनीवर पदर पसरला आणि चक्क झोपली. घोरत होती. मामा हातातल्या पंख्याने तिला वारा घालत होते, पाय मोडलेला असताना. आम्हाला कोणी हाक मारली नाही, घाई केली नाही. दळणाच्या बायका गेल्या, दुसऱ्या आल्या. तीनच्या सुमारास वीज गेली. दादा म्हणाला, "झालं!" पण त्यात खोचकपणा नव्हता. अर्ध्या तासाने आली. साडेचारला गाडीत एकशे पंचवीस झाले होते. वायर काढली. मामी विजेचे पैसे घेईनात, म्हणून आईने आणलेल्या तांदळाच्या पिशवीतच मी घरून आणलेली साखर ठेवून आले.

परत येताना दादाची गाडी एकदाही थांबली नाही. ऊन उतरलं होतं. कामशेतला तो लोणावळ्याकडे वळायला हवा होता, पण तो पेठेपर्यंत आमच्या मागे आला. आईला सोडून आम्ही परत निघालो तेव्हा तो परसात गेला आणि तो अर्थिंगचा खड्डा बघून आला. पुढच्या रविवारी हॉटेलावर न जाता तो कुदळ घेऊन पेठेला गेला, कामशेतहून वायरमन नेला, नवा खड्डा खणला, कोळसा-मीठ भरून तांब्याची पट्टी पुरली. मला फोनवर फक्त एवढं म्हणाला, "आता हिरवा लागेल."

जुनी गाडी त्याने विकली नाही. चाचांनी तिला विजेवर चालणारा पेट्रोल पंप बसवून दिला, त्यामुळे चढावर वाफ होत नाही. हॉटेलासमोरच्या मंडळींत त्यावरून वाद झाला, मूळ गाडीत असा बदल करावा की नाही. ठेकेदार म्हणाले, निम्मी किंमत घालवलीस. डॉक्टर म्हणाले, चालेल. दादाने कारण सांगितलं नाही. आईला ज्याने मळमळतं तो वास मात्र तसाच आहे, नव्या पंपाने तो जात नाही, हे त्यालाही माहीत आहे.

आई आता दीड-दोन महिन्यांनी मामाकडे जाते. बहुतेक वेळा मी नेते. माझी रविवारची पाळी असली की दादा आदल्या रात्री येतो, निळी गाडी मला कामावर जायला माझ्या दारात लावतो आणि माझी घेऊन जातो. पहिल्यांदा नेली तेव्हा त्याने मला वाटेतून तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा आईने फोन त्याच्या हातातून घेतला आणि म्हणाली, "ह्यो सारका त्या आकड्याकडं बगतोय. रस्त्याकडं बग म्हनावं."